सावरीखाली थांबलेली राजमती

राजमती, तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि माझी दुपारची झोप तू पार नासवून टाकली आहेस. जेवण उरकलं, ओटा पुसला, पंखा लावून जरा पाठ टेकली, की डोळा लागायचा अवकाश, तू हजर. बरं, येऊन काही करतेस, बोलतेस म्हणावं तर तेही धड नाही. नुसती थांबलेली असतेस. अंगावर ती जांभळी साडी, पायांत फिरायला जायचे पांढरे बूट, हातात कापडी पिशवी. एसटीची वाट बघताना उभी राहायचीस तशी, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत.

मला भीती वाटते. तुझी भीती वाटते हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. जिवंतपणी तुला घाबरायचं काम तुझ्या घरच्यांकडे होतं, मी कधी घाबरले नाही. आता मात्र दुपार व्हायला लागली की मी उगाच कामं काढते. माळ्यावरचे डबे खाली घेते, घासते, परत वर ठेवते. शेजारच्या पाटलीणबाई जिन्यातून बघून म्हणाल्या, "बाई, दिवाळी लांब हाय की अजून." त्यांना काय सांगणार? झोपले की माझी मैत्रीण भेटते, आणि ती मेली आहे हे तिला ठाऊक नाही, असं सांगू?

सगळा घोळ तोच आहे. तुला ठाऊक नाही. दुपारी जेवून आडवी झालीस, संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायचं होतं, आणि उठलीच नाहीस. 'किती सुखाचं मरण, पुण्यवान बाई' असं जो तो म्हणत होता. तुझ्या नवऱ्याला, आमच्या भाऊजींना, तर लोक अभिनंदनाला आल्यासारखे भेटून जात होते. मला मात्र तिथं कोपऱ्यात बसल्या बसल्या एकच गोष्ट टोचत राहिली, की हिला कुणी सांगितलंच नाही.

माझ्या स्वप्नांच्या खोडीची तुझ्याइतकी टिंगल दुसऱ्या कुणी केली नाही. स्वप्न चालू असताना मला आतून कळतं की हे स्वप्न आहे. लहानपणापासूनचं आहे ते. एकदा कळलं की मग तिथं माझं थोडंफार चालतं. गणिताचा पेपर समोर आला तर मी तो फाडून टाकते, उंचावरून पडत असेन तर सावकाश खाली उतरते. सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरताना हे पहिल्यांदा तुझ्या कानावर घातलं, तर तू रस्त्यातच थांबलीस. "म्हंजे तिकीट न काढता शिनेमा, आणि वर हिरॉइन पण तूच!" आणि लगेच तुझ्या पोटात दुखायला लागलं. "मला का न्हाई पडत असलं? मी काय पाप केलोय?" तू कायम 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायचीस, आपल्या पेठेतल्या बायका बोलतात तशी. शाळेत बाई म्हणून जन्म गेला माझा, पण तुला सुधारायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

स्वप्न ओळखायची माझी खूण म्हणजे मिरची. स्वप्नातली मिरची तिखट लागत नाही. लवंगी असली तरी काकडी खाल्ल्यासारखी लागते. हे कळल्यावर तू काही दिवस उशाशी मिरच्या घेऊन झोपलीस. स्वप्न काही पडलं नाही. झोपेत हात मिरचीला लागला, तोच डोळ्याला लागला, आणि तू एवढी बोंब ठोकलीस की भाऊजी घरात चोर शिरला म्हणून काठी घेऊन उठले.

मग भरतेशला त्याच्या कंपनीने मेक्सिकोला धाडलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रोज मोटारसायकलवरून जाणारं तुझं पोर जगाच्या त्या टोकाला गेलं, आणि त्याच्या मागोमाग तू. मी आयुष्यभर मुलांना नकाशावर छडी ठेवून मेक्सिको दाखवला. जाऊन आलीस तू. सोबत दशम्यांचा डबा नेलास, कारण परक्या मुलखात कशात काय घालतात कुणाला माहीत. आणि आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "शैले, मिरची मूळची त्यांची हाय म्हणं! मका पण त्यांचाच! आणि आपण आपलं कोल्हापुरी कोल्हापुरी करालोय."

त्यानंतर माया लोकांशिवाय तुला दुसरा विषय नव्हता. फोनवर फोटो दाखवायचीस. पायऱ्यापायऱ्यांचा एक दगडी डोंगर, त्यांचं देऊळ. वर्षातल्या ठरावीक दिवसांत, ऊन कलतं तेव्हा, त्या पायऱ्यांच्या कडेने सावलीचा एक साप वरून खाली उतरतो. तू गेलीस त्या दिवसांत तो उतरत नव्हता, पण सांगायचीस अशी, की तुझ्या पायावरूनच गेला. येताना भाजक्या मातीची एक गोल थाळी आणलीस, माया लोकांचं पंचांग म्हणून. मी भूगोलाची बाई, मला राहवतंय थोडंच? मी पुस्तकं चाळून सांगितलं की ही थाळी मायांची नव्हेच, त्यांच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या दुसऱ्याच लोकांची आहे. तू दोन दिवस फिरायला आली नाहीस. तिसऱ्या दिवशी आलीस ती म्हणत, "दुकानदार तिथला, थाळी तिथली, आणि खरंखोटं करणार कोल्हापूरची मास्तरीण." थाळी अजून तुमच्या पुढच्या सोप्यात टांगलेली आहे. परवा मी तिच्याकडे बराच वेळ बघत होते. आता ती कुणाची का असेना.

तुला फार लागलं होतं ते त्यांच्या झाडाचं. माया लोक मानायचे की जगाच्या मधोमध सावरीचं एक झाड आहे. त्याच्या फांद्या स्वर्गात, बुंधा आपल्यात, आणि मुळं खाली मेलेल्यांच्या गावात. "आणि शैले, ती आपली सावरच की गं! बुंध्याला काटं, बोंडात पांढरा कापूस. उचगावच्या आमच्या बांधावर हाय, तीच." मी म्हटलं, तीच नाही, चुलत आहे. "चुलत असू दे न्हाईतर सख्खी. घरातलीच की!" बांधावरच्या त्या सावरीची बोंडं उकलली की तू कापूस वेचायचीस आणि ज्याच्यावर जीव असेल त्याला उशी शिवून द्यायचीस. माझ्या डोक्याखाली तीच उशी आहे. तू यायला लागल्यावर मी ती कपाटात टाकून बघितली, दुसरी घेतली. तुला काही फरक पडला नाही.

तुझं ऐकून ऐकून ते सगळं माझ्या स्वप्नात उतरलं. तेव्हा तू चांगली धडधाकट होतीस. दुपारचं ऊन, पायऱ्यांचा डोंगर, पायथ्याशी सावर. झाडाला पान नाही, नुसता कापूस उडतोय. वरून सावलीचा साप एकेक पायरी उतरतोय. माणूस म्हणून एक नाही. हातात मिरची होती, चावली, तिखट लागली नाही. म्हणजे स्वप्न आहे हे कळलं, आणि तरी तिथून हलावंसं वाटेना. असं मला कधी झालं नव्हतं.

याचा अर्थ लावायचा विडाच उचललास तू. विद्यापीठाच्या आवारात मोर ओरडत होते आणि तू मला उलगडून सांगत होतीस. "पायऱ्या म्हंजे बढती." मी म्हटलं, अगं मला निवृत्त होऊन वर्षं झाली. "मग गुडघं. डॉक्टरला दाव." पुढची फेरी झाली. मग म्हणालीस, "माणसं वर चढत्यात, आणि साप खाली उतरालाय. म्हंजे कुणालातरी न्ह्यायला यालाय." हे बोललीस आणि तुझी तूच दचकलीस. चालायचा वेग वाढवलास. फाटकापाशी आल्यावर मात्र मूळ स्वभाव वर आला. "मेक्सिकोला मी गेलतो आणि तिथं हिंडतीस तू एकटी. मला न्हे की एकदा तुझ्या स्वप्नात!"

मी प्रयत्न केला, राजमती. पुढच्या वेळी ती जागा दिसल्यावर मी तुला मनात आणलं, तुझा चेहरा, तुझं चालणं, सगळं. झाडाखाली कोणी उगवलं नाही. तुला सांगितलं तर म्हणालीस, "नीट बोलवलं नसशील." असेलही. पण आता वाटतं, जिवंत माणसाला तिथं जागा नसावी.

चंपाआत्याचं मला आत्ताच का आठवावं?  इचलकरंजीची तुझी आत्या अंथरुणाला खिळलेली, आणि तिचे यजमान, तुझे मामा, अचानक गेले. घरच्यांनी ठरवलं की तिला सांगायचं नाही, धसका घेईल. मामा श्रवणबेळगोळला गेल्यात, तिथंच राहिल्यात, महाराजांच्या सेवेत आहेत, असं काहीबाही. आपण दोघी भेटायला गेलो होतो. खाली शेडमध्ये यंत्रमागांचा खडखडाट, त्यात मोठ्यानं बोलायचं, आणि एवढ्या मोठ्यानं खोटं बोलायचं. सून रोज सकाळी आत्याच्या कपाळावर कुंकू टेकवायची. त्या दिवशी आपल्यासमोर तिनं ते टेकवलं आणि बोट घसरून कुंकू नाकावर सांडलं. आत्या दाराकडे बघत होती. दर थोड्या वेळानं विचारायची, "आज तरी येत्यात काय गं ह्ये?"

तू उठलीस, तिच्या खाटेवर बसलीस आणि म्हणालीस, "आत्या, मामा वारले. कवाच वारले. ही सगळी तुला फसवाल्यात."

केवढा गहजब झाला. आत्यानं उशाचा तांब्या उचलून तुझ्या तोंडावर पाणी फेकलं. सून रडायला लागली, आतेभाऊ तुला चालती हो म्हणाला. आत्या मरेपर्यंत तुझ्याशी बोलली नाही. परतीच्या गाडीत मी तुला धू धू धुतलं. काय मिळवलंस, म्हटलं. गेलेलं माणूस काही परत येत नव्हतं, मग चार दिवस तिला आशेवर राहू दिलं असतं तर तुझं काय जात होतं? तू ओला पदर पिळत ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "आशा न्हवं ती. ती दाराला बांधल्यागत झालती." हा वाद आपण पुढं कितीदा घातला असेल! मी म्हणायची, सगळं खरं सांगायलाच पाहिजे असं नाही. तू म्हणायचीस, सुनेनं मला फोनवर सांगितलंय, त्या दिवसापास्नं आत्या दाराकडं बघत न्हाई. आणि शेवटी नेहमीचं, "माझं काय असंल ते मला तोंडावर सांगायचं. आमचं ह्ये सांगणार न्हाईत, भरत्या तर रडतच बसंल. तू सांगायचंस. पोरास्नी नापास म्हणून सांगतीस तसं." मी हो म्हटलं होतं. कशाला नाही म्हणू? तुझी तब्येत ठणठणीत होती.

दुसरा वाद आत्म्याचा, तुम्हा जैनांच्या आणि आमच्या. तो तर तू अर्धाच टाकून गेलीस. "आमच्यात आत्मा थांबत न्हाई, शैले. हितनं सुटला की लगोलग दुसरीकडं जन्म. तुमच्यात आपला तेरा दिवस घुटमळत बसतोय, कावळा कवा शिवतोय बघत." मी विचारलं, म्हणजे तुमची एक्सप्रेस आणि आमची लालपरी का? "व्हय की. मधले थांबे न्हाईत." तुझं बरोबर असेल, राजमती, तर तू आता कुठंतरी दुपट्यात गुंडाळलेली असायला हवीस. मग माझ्या झोपेत बूट घालून कोण उभं असतं?

तुमच्या घरी दहावं नाही, तेरावं नाही. भाऊजी म्हणाले, "बाई, आमच्यात ह्ये नसतंय. तुम्ही उगं हेलपाटं घालू नका." मी घरी आले आणि माझ्या पद्धतीनं गच्चीत भाताचा घास ठेवला. तुझी काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवायचा नाही, म्हणून हात जोडून उभी राहिले. घास ठेवून हात मागे घेते न घेते तोच त्यानं तो उचलला. आमच्या गच्चीवरचा कावळा, तो कशाला कुणाची इच्छा बघतोय. पण तेवढ्यानं मला हायसं वाटलं. वाटलं, सुटली. त्याच दुपारी तू पहिल्यांदा आलीस.

तीच जागा, तेच ऊन. आणि झाडाखाली तू. मला पाहून किती आनंद व्हावा! तो झालाच, गळ्यात पडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की हे स्वप्न आहे आणि तू मेलेली आहेस. दोन्ही एकदम कळलं.  तू मात्र वैतागलेली. "किती येळ गं? मी कवापास्नं थांबलोय."  मी सवयीनं हातातली मिरची चावली. तुला वाटलं एकटीच खातेय, म्हणून तू अर्धी मोडून घेतलीस आणि कराकरा खाल्लीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. आता हिला कळणार, आपण होऊन कळणार, मला सांगावं लागणार नाही. तू तोंड वाकडं केलंस. "तिखटच न्हाई की. फसवलं बघ तुला मंडईत." आणि उरलेला देठ टाकून दिलास.

त्या दिवशी मी घामाघूम उठले आणि तोंडात पाणी घेऊन कितीतरी वेळ चुळा भरत होते.

मग रोज तेच. मी काही बोलायला जावं आणि तू दुसरंच काढावंस. भाऊजींची गोळी, उचगावचं पाणी, भरतेशचं लग्न. मध्येच विचारायचीस, "जायचं न्हवं आपण?" कुठं ते तुला सांगता यायचं नाही. पायऱ्यांवरून साप उतरत असतो, त्याच्याकडे तू ढुंकून बघत नाहीस. तुला सगळी काळजी वाटेची. झाडापासून एक पांढरी वाट निघते, लांब जाते, आणि तू बोलता बोलता मान वळवून तिकडे बघतेस. पुन्हा बोलतेस, पुन्हा बघतेस. ती मान वळवणं मी आधी कुठं पाहिलं आहे हे मला बरेच दिवस आठवेना. परवा डबे घासता घासता आठवलं. चंपाआत्या दाराकडे अशीच बघायची.

काल भरतेश आला होता. तुझ्या साड्यांतली एक मला द्यायला. चहा झाला तरी उठेना. मग खाली बघत म्हणाला, "काकू, आई तुमच्या स्वप्नात येती काय हो? आमच्यात कुणाच्याच येईना. बाबा तर म्हणत्यात येणारच न्हाई, आपल्यात तसं नसतंय." मी ते टाळलं. उलट त्यालाच विचारलं, की त्या सावरीच्या मुळाखालच्या गावाचं तुम्हा मायलेकांना तिथल्या गाइडनं आणखी काय सांगितलं होतं? त्याला आठवत होतं. त्या गावचे धनी म्हणे दारात लाकडी बाहुल्या बसवून ठेवायचे. येणारा बाहुल्यांनाच रामराम घालायचा, आणि तिथंच फसायचा. मग त्यांच्या पुराणातले दोघे भाऊ तिथं गेले, त्यांनी आधी एक डास पुढे धाडला. डास चावेल तसा एकेक धनी ओरडला, बाकीच्यांनी नाव घेऊन विचारलं काय झालं म्हणून, आणि भावांना सगळ्यांची नावं कळली. "नावं कळल्यावर त्यांचं काय चालंना, काकू. एवढीच गोष्ट." आणि जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "आली तर थांबवून ठेवा हं तिला." हसत म्हणाला, पण डोळे भरलेले होते.

तो गेल्यावर मी बसून राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, मास्तरीणबाई, एवढं सोपं कळंना व्हय? दारात लाकडी बाहुली बसवणं आणि आत्याला मामा श्रवणबेळगोळला गेल्यात म्हणून सांगणं, एकाच जातीचं. आणि मी रोज दुपारी तुझ्याशी भाऊजींच्या गोळीबद्दल बोलत बसते, तेही तेच. तुझ्यासमोर मी लाकडाची शैला बसवून ठेवली आहे. धसका घेशील म्हणून नव्हे. सांगितलं की तू जाशील म्हणून. आत्याच्या घरचे तरी तिचं भलं म्हणून खोटं बोलत होते. मी माझं बघते आहे. फिरायला मी एकटी जाते, राजमती. मोरांकडे बघून कुणाला काय बोलू? मला तू हवी आहेस, भलतंच बोलणारी, वैतागलेली, मेलेली, कशीही.

इथवर लिहिलं आणि पेन ठेवलं. दुपार झालीच होती. कामं काढली नाहीत. पंखा लावला आणि पडले.

आता पुन्हा लिहायला बसले आहे. हे तुला पोचणार नाही हे कळत असूनही.

तू होतीस. कापूस जरा जास्तच उडत होता, तुझ्या केसांत अडकला होता. तू मला बघून म्हणालीस, "आलीस व्हय? चल बाई, जाऊया." मी तुझा हात धरला. गरम होता, याचं मला फार वाईट वाटलं. मी वर्गात निकाल सांगायची तोच आवाज काढला. म्हटलं, "राजमती, तू वारलीस. दुपारी झोपलीस आणि उठली नाहीस. मी तोंडावर सांगायचं कबूल केलं होतं, म्हणून सांगते."

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं. तुझा खरा राग मला माहीत आहे, नाकपुड्या फुलतात. "कवा?"

"होईल आता महिना."

"आणि मला हितं उनात उभी करून ठेवलीस इतकं दिस?"

मी रडत होते.  वाटलं, आता कोसळशील, किंवा चंपाआत्यासारखं काहीतरी फेकून मारशील. मग विचारलंस, "भरत्या लई रडला काय?"

"रडला. अजून रडतोय."

"आणि ह्ये?"

"भाऊजी रडत नाहीत. पण तुझ्या खाटेवर कुणाला बसू देत नाहीत."

"बसू दे म्हणावं. खाट काय करायची हाय." एवढं म्हणून तू पदर खोचलास. माझा हात सोडवून घेतलास. हळूच सोडवलास, त्याबद्दल मी तुझी उपकृत आहे. मग निघालीस. पायऱ्या चढून वर नाही, मुळांच्या बाजूला खाली नाही. त्या पांढऱ्या वाटेनं सरळ, सकाळी चालायचीस त्याच वेगात. मायांचं खरं ठरलं, का तुझं, का माझं, ते मला कळलं नाही. स्वप्नाचा अर्थ विचारायला तू नाहीस, म्हणजे तो आता राहिलाच.

स्वप्न माझं होतं, राजमती. तिथं मी म्हणेन ते थोडंफार होतं, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. 'थांब' म्हटलं असतं तर तू थांबली असतीस. शब्द ओठांवर आला होता, जिन्यातला भरतेश डोळ्यांपुढे उभा होता. मी पदर तोंडात कोंबला आणि तू दिसेनाशी होईपर्यंत तशीच उभी राहिले.